तानसेनची चिंच : ‘आपला वारसा’ म्हणायचं की नाही?

सराफ्यातला

परवा मेळाव्याच्या समितीने इथे निवेदन टाकलं. कुणाच्या नजरेतून सुटलं असेल तर थोडक्यात सांगतो. डिसेंबरात ग्वाल्हेरच्या मराठी घरांचा मेळावा आहे, त्याची स्मरणिका निघणार आहे आणि तिच्या मुखपृष्ठावर तानसेनच्या समाधीजवळची चिंच असणार आहे. चित्राखाली ओळ : ‘साडेचारशे वर्षं आपला स्वर जपणारा वृक्ष, आपला वारसा.’ साठ-सत्तर जणांनी हात जोडले. हे खरं आहे का, असं एकानेही विचारलं नाही. म्हणून लिहितोय. लांबेल, पण पूर्ण वाचा.

ते झाड साडेचारशे वर्षांचं नाही. तानसेन गेले १५८९ च्या सुमारास. त्यांच्या कबरीजवळ चिंच होती, तिचा पाला चावला की गळा गोड होतो अशी समजूत होती, इथपर्यंत ठीक. पण पुरातत्त्व खात्याचा अलेक्झांडर कनिंगहॅम १८६० नंतरच्या वर्षांत इथे येऊन गेला. त्याने अहवालात लिहून ठेवलंय की मूळ झाड लोकांनी पाला ओरबाडून ओरबाडून मारलं आणि आता आहे ते त्याच्या बीचं रोप. राणी लक्ष्मीबाई १८५८ साली फुलबागेकडे लढताना पडल्या. त्यानंतर पाच-सात वर्षांतली ही नोंद. तेव्हाच मूळ चिंच नव्हती. आणि आज उभं आहे ते झाड कनिंगहॅमने पाहिलेलंही नाही, त्याहून नंतरचं आहे. मग साडेचारशे वर्षं कुणी मोजली?

दुसरं, ‘आपला’ म्हणजे कुणाचा? दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये किल्ल्याच्या दक्षिणेला छावणी टाकली, तिचं लष्कर झालं. आपले पणजोबा, खापरपणजोबा या लष्करात आले. चिंच किल्ल्याच्या पलीकडे, जुन्या ग्वाल्हेरात. गौस मोहम्मदांचा मकबरा, त्याच्या शेजारी तानसेन, आणि तिथे चिंच. त्या जागेबद्दल मला आदर आहे. पण आपल्या वारशाचं चित्र काढायला बसल्यावर पहिल्यांदा तीच का सुचावी?

आणि खरं दुखणं तिसरं आहे. तानसेन ध्रुपदिये, म्हणजे ध्रुपद ही जुनी गायकी गाणारे. आपल्या घरांनी सांभाळला तो खयाल, ही वेगळी गायकी. हद्दूखाँ, हस्सूखाँ, नत्थूखाँ यांच्यापाशी मराठी मुलं शिकली. वासुदेवबुवा जोशी शिकले, त्यांच्याकडे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर आले आणि ही गायकी मिरजेपर्यंत घेऊन गेले. तिथे विष्णु दिगंबर शिकले आणि त्यांनी १९०१ मध्ये लाहोरला विद्यालय काढलं. इथे शंकरराव पंडित, मग कृष्णराव पंडित, राजाभैया पूंछवाले. आज महाराष्ट्रात जो खयाल गायला जातो, त्याचा फार मोठा भाग या लष्करच्या गल्ल्यांतून गेलेला आहे. त्यांच्यापैकी कुणाचं चित्र मुखपृष्ठावर नाही. झाडाचं आहे.

माझे वडील पहाटे साडेचारला सराफ्यातून गुरूंच्या घरी चालत जात. जानेवारीतली ग्वाल्हेरची थंडी ज्यांनी सोसली आहे त्यांनाच कळेल. बोटं इतकी भेगाळत की तानपुऱ्याच्या तारेवर रक्ताचा डाग पडे. आई रात्री त्या भेगांत कोमट तूप भरायची. ज्या घरी ते शिकले तिथे नुसती एक पाटी लावा म्हणून मी एका कार्यालयात तीन अर्ज दिले. तिन्ही अर्जांच्या पोचपावत्या माझ्या कपाटात आहेत. पाटी नाही. म्हणून राग येतो.

हजिरेवाली

पूर्ण वाचलं, दोनदा वाचलं. तुमच्या वडिलांच्या बोटांना माझा नमस्कार. बाकीच्यावर मात्र मी गप्प बसणार नाही.

‘आपली घरं लष्करात’. कुणाची हो? माझे वडील हजिऱ्याच्या, म्हणजे त्या मकबऱ्याच्याच भागातल्या, गिरणीत होते. आम्ही कुंभोजहून आलेले, लष्करातल्या बाड्यावर वाडा नव्हता आमचा. दोन खोल्या, सार्वजनिक नळ, आणि उन्हाळ्यात दुपारी अंग टाकायला मकबऱ्याचा थंड दगड. ती जागा आमची ओसरी होती. दुपारी तीननंतर जाळ्यांतून ऊन आत यायचं आणि फरशीवर नक्षी पडायची. आम्ही मुली त्या नक्षीच्या घरांत चिंचोके मांडून खेळायचो. मराठी माणूस म्हणजे फक्त सरदार-शास्त्री-गवई असं धरून चाललात की आमच्यासारखे शेकडो लोक तुमच्या वारशाबाहेर जातात. चिंच लष्करात नाही म्हणून ती आपली नाही, असं तुम्ही लिहिता तेव्हा मीही तुमची नाही.

आता खयाल-ध्रुपद. मियां मल्हार, मियां की तोडी, दरबारी. तुमचे वडील हे राग गात होते की नव्हते? ‘मियां’ कोण?

आणि एक तुम्ही सोयीस्कर गाळलंत. तानसेन समारोहाच्या पहिल्या सकाळी समाधीवर काय होतं? शहनाई, मग ढोलीबुवांची हरिकथा, मग मिलाद (पैगंबरांच्या स्तुतीचं पठण), मग चादर. हरिकथा! ढोलीबुवांचा मठ कुठला आणि परंपरा कुणाची, हे ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला मी सांगायचं? नारदीय कीर्तनाची झांज आणि मिलाद एकाच सतरंजीवर. आपण त्या चिंचेपाशी पाहुणे नाही.

तुम्ही गेल्या पंचवीस वर्षांत हजिऱ्याला किती वेळा आलात, तेही सांगून टाका.

सराफ्यातला

दर वर्षी समारोहाला येतो. मागच्या रांगेत बसतो, पहाटेपर्यंत. हजेरी घेण्याचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

‘मियां’चे राग गायले म्हणून घराणं त्यांचं होत नाही. त्या हिशोबाने हिंदुस्थानातला प्रत्येक गवई तानसेनचाच वारस. मी ग्वाल्हेरच्या खयालाबद्दल बोलतोय आणि त्याचा मूळ पुरुष नत्थन पीरबक्ष. वाद घालायचा तर विषयावर घाला.

गिरणीतल्या लोकांना मी वगळलं नाही. माझ्या लिहिण्यातून तसं झालं असेल तर ते चुकलं. बस्स.

बागेतला मास्तर

मी ३४ वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं. गाण्यातलं कळत नाही, झाडाबद्दल सांगतो.

चिंच हळू वाढते आणि पुष्कळ जगते. दोनशे वर्षांच्या पुढे गेलेली झाडं आहेत. पण घेर बघून ‘चारशे’, ‘पाचशे’ ठोकून देऊ नका. आपल्या हवेत झाडाच्या कड्या थंड देशांसारख्या स्वच्छ पडत नाहीत, आणि म्हाताऱ्या चिंचेचं खोड आतून पोकळ होतं. मोजायला आत काही उरतच नाही. देवळापुढच्या प्रत्येक झाडाला हजार वर्षांचं करायची खोड आपल्याला लागली आहे. एका गावात चाळीस वर्षांच्या पिंपळाला ‘पांडवकालीन’ अशी पाटी पाहून मी भर उन्हात भांडलोय.

कनिंगहॅमची नोंद मला पटते, कारण पाल्यानेच झाड जेवतं. कोवळी पानं सतत खुडली की दरवेळी साठवलेल्यातून नवी फूट काढावी लागते. तशी काही वर्षं गेली की मोठं झाडही खचतं. भक्तांनीच ते झाड मारलं.

आणखी एक. बीचं रोप म्हणजे तेच झाड नव्हे. कलम केलं तर आई तीच. बीत परागकण कुठल्या झाडाचे आले कुणास ठाऊक. तेव्हा ‘त्याच झाडाचं’ म्हणताना जपून.

पुण्यात राहते, जीव तिकडे

मास्तर, इथे महाराष्ट्रात २०२१ मध्ये झाडांचा कायदा बदलला. शहरातलं पन्नास वर्षांचं झाड झालं की ते वारसा-वृक्ष. आणि तोडायचं असेल तर त्याचं वय जितकं तितकी नवी झाडं लावायची. म्हणजे कायद्याने वारसा व्हायला साडेचारशे वर्षं लागत नाहीत, पन्नास पुरतात. मग आपण इतकं वयावरून का भांडतोय? माझ्या सोसायटीतल्या पावसाळी झाडाला (रेन ट्री) आम्ही नऊ बायकांनी दोन दिवस वेढा घालून वाचवलं. ते परदेशी झाड, त्याखाली कुणी तानसेन नाही, तरी त्याच्याशिवाय ती गल्ली मला माझी वाटणार नाही.

कैलासवासी काकांचा पुतण्या

झाडाचं छापा नाहीतर किल्ल्याचं छापा. ती स्मरणिका वाचणार कोण? माझ्या दोन्ही नातवंडांना मराठी वाचता येत नाही. मेळाव्यात निवेदन हिंदीत, जेवताना गप्पा हिंदीत, गणपतीची आरती मोबाइलवर रोमन अक्षरांत. घरात ‘पाणी दे’ म्हटलं तर ‘हाँ दादू’ येतं. आणि आपण मुखपृष्ठावर भांडतोय. आधी दर रविवारी मुलांचा मराठी वर्ग चालू करा. मी शिकवायला तयार आहे, फुकट. जागा कुणी देतं का?

समितीतली

काका, वर्गाचा वेगळा धागा काढूया, मी जागा बघते. इथे चिंचेवरच राहूया.

शुद्ध निषाद

मी गाणं शिकवते, गेली बावीस वर्षं. मला या सगळ्यात एकच कोडं पडतं. लहानपणापासून गुरूंनी काय सांगितलं? आंबट नको. लोणचं नको, ताक नको, चिंच तर नकोच नको. चिंचेचं नाव काढलं तरी माझ्या गुरूंची भुवई चढायची. आणि त्याच गुरूंनी परीक्षेच्या आधी मला स्वतः स्कूटरवर बसवून हजिऱ्याला नेलं, कबरीला डोकं टेकायला लावलं आणि तीन पानं हातावर ठेवली. ‘चाव, थुंकायचं नाही.’ तुरट-आंबट, थोडी कडसर चव. जिभेच्या मागच्या बाजूला शिरशिरी आली. त्या दिवशी भूप राग इतका सरळ लागला की मी आजवर तसा गायले नाही. आता कशाने लागला ते मला माहीत नाही. पण मी माझ्या शिष्यांना लोणचं बंद करायला सांगते आणि चिंचेला मात्र घेऊन जाते.

घशाची डॉक्टर

आपण गिळतो ते अन्न स्वरयंत्रावरून जात नाही, मागच्या नळीतून जातं. त्यामुळे चिंच खाल्ली आणि लगेच आवाज बसला, असं थेट काही होत नाही. ज्यांना आम्लपित्त आहे त्यांना पोटातलं आम्ल वर येऊन घसा धरतो, सकाळी आवाज जड होतो, सारखं खाकरावंसं वाटतं. त्या लोकांनी आंबट-तिखट, रात्री उशिराचं जेवण, चहा हे सांभाळावं. बाकीच्यांनी पाणी भरपूर प्यावं आणि सर्दीत ओरडून रियाझ करू नये. माझ्याकडे येणाऱ्या गायकांत घसा खराब होण्याची कारणं बहुतेक वेळा जागरण आणि ध्वनिक्षेपकाशी स्पर्धा हीच निघतात.

फालक्याजवळची आजी

डॉक्टर, तुमचं खरं असेल. पण माझ्या सासूबाई चिंचगुळाची आमटी रोज करायच्या आणि नव्वदीपर्यंत पहाटे भूपाळी खणखणीत म्हणायच्या. आजूबाजूचे सगळे डाळीत अमचूर घालणारे. आमच्या शेजारच्या भाभी विचारायच्या, ‘आपकी दाल में ये काला काला क्या है?’ मी ग्वाल्हेरात लग्न होऊन आले १९६८ ला. चिंच सहज मिळायची नाही, किराणावाला अमचूरच पुढे करायचा. सासरे दाणाओळीतून वर्षाची चिंच आणायचे. मग आम्ही दोघी मीठ लावून, गोळे करून बरणीत भरायचो. मराठी घर ओळखायचं तर त्या बरणीवरून ओळखावं. मुखपृष्ठावर चिंच असेल तर मला फार आवडेल. तानसेनसाठी नाही, त्या बरणीसाठी.

देवगडचा मूळचा

आजी, राग मानू नका, पण आमटीत आमसूल. चिंच घट्ट करते, आमसुलाने आमटी हलकी राहते. आमच्या घरात चार पिढ्या ग्वाल्हेरात काढून आमसूल दर वर्षी कोकणातूनच येतं.

फालक्याजवळची आजी

आमसूल कढीला, साराला. आमटीला चिंच. आमसुलाने आमटीचा रंग बिघडतो.

देवगडचा मूळचा

रंग बिघडत नाही, रंग येतो. आमच्या घरी येऊन जेवा एकदा.

पुण्यात राहते, जीव तिकडे

माझी आई ग्वाल्हेर सोडून पुण्याला आली तेव्हा सामानात अमचूराचा डबा घेऊन आली होती. इथल्या नणंदांनी नाकं मुरडली. ती शेवटपर्यंत भरल्या भेंडीत अमचूरच घालायची. म्हणजे आपण तिथे चिंच नेली आणि तिथून अमचूर आणला. मला आईची भेंडी खाऊन सोळा वर्षं झाली.

चुलीवरची

माझ्याकडे तिन्ही घालतात. आमटीला चिंच, फोडणीच्या वरणाला आमसूल, छोल्याला अमचूर. आमटीत चिंच मात्र कोळ काढून, शेवटी. आधी घातली तर डाळ शिजत नाही, टचटचीत राहते. गूळ त्यानंतर. आणि गाभुळलेली चिंच असेल तर गूळ निम्मा पुरतो.

बागेतला मास्तर

तुम्ही चिंचेला मराठी करून टाकलंत, पण ती मुळात आफ्रिकेची. फार पूर्वी इथे आली आणि इथली झाली. अरबांना ती इथे भेटली म्हणून त्यांनी नाव दिलं ‘तमर हिंदी’, हिंदुस्थानचा खजूर. विलायती नावही त्यातूनच निघालं.

सराफ्यातला

गेले कित्येक प्रतिसाद आमटीवरच. मी पुन्हा विचारतो. चिन्ह म्हणजे काय? गावाकडे बोट दाखवायचं तर कशाकडे दाखवाल? किल्ला आहे. चतुर्भुज मंदिरात इसवी सन ८७६ चा शिलालेख आहे, ज्यात शून्य कोरलेलं आहे. सास-बहूची देवळं आहेत. ज्याला तारीख आहे, दगड आहे, ज्यात कुणी फेरफार करू शकत नाही असं पुष्कळ आहे. मेलेल्या झाडाच्या जागी उगवलेल्या झाडापुढे हात जोडायची गरज काय?

शुद्ध निषाद

काका, तुम्ही खयालवाले आहात म्हणून विचारते. हस्सूखाँनी गायलेली बंदिश आज कुणाच्या गळ्यात जशीच्या तशी आहे? नाही ना? बी पडलं, नवं उगवलं. बाळकृष्णबुवांनी मिरजेला नेलेलं आणि इथे पंडितांनी ठेवलेलं, दोन्ही ग्वाल्हेर, दोन्हींत फरक. मास्तर म्हणाले कलम आणि बी वेगळं. गाणं बीचंच असतं. गुरूचं कलम होऊन कुणी गायलं तर आपणच त्याला नक्कल म्हणतो.

सराफ्यातला

हे ऐकायला गोड आहे, पण मला पटत नाही. गाण्यात गुरू समोर बसून चूक काढतो. दहा वर्षं एक पलटा घासून घेतो. माझ्या वडिलांना एका बहलाव्यासाठी गुरूंनी आठ महिने पुढे जाऊ दिलं नाही. झाडाचं बी कुठेही पडतं. ते उगवलं यात कुणाचा घाम आहे?

हजिरेवाली

घाम आहे. आमच्याकडून ऐका.

मी दहा-अकरा वर्षांची असताना एकदा वाऱ्याच्या वावटळीने एक फांदी मोडून खाली आली. बाहेरून आलेले लोक ती उचलून नेत होते, कुणी पानं, कुणी सालीचा तुकडा. तिथे झाडू मारणारे एक चाचा होते. त्यांनी आम्हा पोरांना ओरडून गोळा केलं आणि उरलेल्या शेंगा पदरात, फ्रॉकच्या ओच्यात भरायला लावल्या. आकडे कच्चे होते, पण काही गाभुळलेले. चाचांनी बिया काढून, धुऊन, राखेत घोळून कागदाच्या पुड्या केल्या आणि प्रत्येकीला एक पुडी दिली. म्हणाले, ‘बेटा, ये पेड़ हर बार नहीं बचेगा. तुम लोग रखो.’ माझ्या आईने त्यातल्या चार बिया वनस्पती तुपाच्या रिकाम्या डब्यांत लावल्या. दोन उगवल्या. एक बकरीने खाल्लं. एक आमच्या चाळीच्या मागे, गटाराच्या कडेला लावलं. मी शाळेतून आले की कपडे धुतलेलं पाणी त्याला घालायची. सात वर्षं. मग गिरणी बंद पडली, खोली सोडावी लागली. आज तिथे कुणी तिसराच राहतो. झाड आहे, दुमजली घराएवढं. मी गेल्या महिन्यात पाहून आले. संध्याकाळ झाली होती, त्याची सगळी पानं मिटलेली होती.

तुम्ही म्हणता, कुणाचा घाम. चाचांचा होता, आईचा होता. कुणी पाटी लावली नाही आणि आम्ही अर्जही केला नाही.

सराफ्यातला

वाचलं.

पानं मिटायची गोष्ट मला माहीत नव्हती.

बागेतला मास्तर

मिटतात. दिवेलागणीला पर्णिका जोडीजोडीने जवळ येतात. हजिरेवाली, त्या झाडाच्या शेंगा यंदा मला मिळतील का? चार जागी लावतो. माझ्या हयातीत त्यांना शेंगा येतील असं नाही, पण लावतो.

हजिरेवाली

मिळतील. फेब्रुवारी-मार्चमध्ये पिकल्या की फोन करते. कच्च्या तोडायच्या नाहीत.

जयेंद्रगंज

सगळे भावनेत वाहून चालले आहेत म्हणून एक कोरडी गोष्ट. मुखपृष्ठावर चिंच छापलीत की मेळाव्याला आलेली चारशे माणसं दुसऱ्या दिवशी बस करून हजिऱ्याला जाणार. प्रत्येकाने ‘प्रसाद’ म्हणून एक-एक फांदी ओढली तर? मूळ झाड असंच मेलं हे तुम्हीच वर लिहिलंय. मी तिथे पाहिलंय, हात पोहोचेल तिथपर्यंतच्या फांद्या बोडक्या असतात आणि पाला वर असतो. मी गाणारा नाही, मला आवाज नको, झाड हवं आहे. गावाला २०२३ मध्ये युनेस्कोने संगीताचं शहर म्हटलं, त्यानंतर गर्दी वाढली. झाड मात्र एकच आहे.

शुद्ध निषाद

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी दर वर्षी बारा-पंधरा मुलं नेते. तीन-तीन पानं, म्हणजे चाळीसेक पानं. मी बंद करते. यापुढे नुसतं डोकं टेकून यायचं. जमिनीवर पडलेलं पान मिळालं तर मिळालं.

समितीतली

सगळं वाचून मी समितीत बोलले. तीन गोष्टी ठरल्या. पहिली, ‘साडेचारशे वर्षं’ काढतो, ती माझीच चूक होती. कुठल्याशा पर्यटनाच्या पत्रकातून उचललं होतं. दुसरी, आतल्या पानांत लष्करमधल्या गुरुघरांचा नकाशा द्यायचा, कुठल्या गल्लीत कोण शिकवत होतं ते. सराफ्यातले काका, तुम्ही तो करून द्याल का? पाटी लागेल तेव्हा लागेल, नकाशा तरी छापून होईल. तिसरी, मेळाव्याच्या सहलीत हजिरा आहे, पण झाडाला हात लावायचा नाही अशी सूचना पहिल्याच पानावर.

मुखपृष्ठावर चिंच ठेवतो. ओळ अशी सुचली आहे : ‘तानसेनच्या समाधीजवळची आपली चिंच. मूळ झाडाच्या जागी नंतर वाढलेली.’

सराफ्यातला

नकाशा करून देतो. अकरा घरं मला पक्की माहीत आहेत, दोन विचारावी लागतील. वडिलांच्या वहीत पत्ते आहेत, पण गल्ल्यांची नावं बदलली आहेत. जुनी कंसात टाकीन.

दुसरं वाक्य योग्य आहे, ते काढू नका. छपाईत जागा कमी पडली की खरं वाक्यच आधी जातं. चिंच मुखपृष्ठावर नको असं माझं मत अजून आहे. पण खोटं छापलं जात नसेल तर माझी हरकत मी मागे घेतो. पहिल्या वाक्यातला ‘आपली’ मात्र काढा. ‘तानसेनच्या समाधीजवळची चिंच’ एवढं पुरे.

हजिरेवाली

‘साडेचारशे’ काढलंत, ‘नंतर वाढलेली’ घातलंत, दोन्हीला मी एका शब्दाने अडवलं नाही. ‘आपली’ काढायचं नाही. त्याच एका शब्दासाठी मी तीन रात्री इथे टंकत बसले आहे.

फालक्याजवळची आजी

ठेवा हो ‘आपली’. भावजी, तुम्हीही ठेवा.

सराफ्यातला

प्रूफ आलं की मला दाखवा.